गुडघाभर पाणी

१

"हिला पोहता येत न्हाई, हे एक बरं झालं. आता लाइटचं तेवढं बघा."

हे अंबिकाच्या कानांसाठी नव्हतं. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, ते देवघराच्या दाराआड सासऱ्यांना, अप्पांना, सांगितलं होतं. अंबिका पलीकडे स्वयंपाकघरात कुकरची वाट बघत उभी होती. मेल्या कुकरने शिट्टी वेळेवर दिली असती, तर तिला ते ऐकूही आलं नसतं.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. नव्या सुनेबद्दल दाराआड काय काय बोललं जातं, याची तिने मनाशी तयारी ठेवली होती. भाकरी जाड करते, उशिरा उठते, माहेरी फोन फार लावते, वगैरे. पण पोहता येत नाही हे बरं झालं? उदगीरला? जिथे नळाला पाणी सुटलं की बायका एकमेकींना फोन करून सांगतात, तिथे पोहायचं कुठे, पिंपात?

मग तिला बघण्याचा कार्यक्रम आठवला. ही मंडळी नांदेडला आली होती. पोहे झाले, शिवण-टिपण झालं, आणि स्वयंपाक काय काय येतो हे विचारता विचारता अव्वांनी मध्येच विचारलं होतं, "आणि पोहता येतं का?"

अंबिकाने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "छे छे! आमची पोरगी पाण्याच्या जवळसुद्धा जात न्हाई."

मावशीच्या हिशेबी हे कौतुक होतं. पोरगी उलटून बोलत नाही, गच्चीवर फिरत नाही, तसंच पाण्याजवळ जात नाही. बाबांनी मान खाली घालून कपातल्या चहात बघितलं. याच बाबांनी तिच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून तिला गोदावरीत ढकललं होतं, आणि आठवीत असताना ती यात्रेकरूंनी टाकलेली नाणी घाटाच्या तळातून वेचून आणायची. बुडी मारून, डोळे सताड उघडे ठेवून. पण पाहुण्यांचे चेहरे मावशीच्या उत्तराने असे काही निवळले, की सोयरीक तिथेच पक्की झाली.

खोटं मग तसंच राहिलं. भाजीत मीठ कमी पडलं तर सांगता येतं. 'मला पोहता येतं' हे सासरी नेमकं कधी सांगायचं असतं?

आणि लाइट कसली?

२

लाइट मागच्या तळ्यासाठी होती.

तळं म्हणायचं म्हणून. बिदर रोडचा बंगला, मागे फरशी, धुण्याचा दगड, आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून डबल बेडएवढा सिमेंटच्या काठाचा खड्डा. पाण्याने काठोकाठ भरलेला. घरात टँकर यायचा, टाकीचा तळ दिसला की अप्पांचा आवाज चढायचा, पण तळं बोटभरही उतरत नव्हतं. अंबिका एकदा फरशी धुवायला त्यातलं पाणी घ्यायला गेली, तर अव्वांनी तिच्या हातातून बादली काढून घेतली. रागाने नाही, लेकराच्या हातातली सुरी काढून घेतात तशी.

"ते वापरायचं न्हाई."

"का हो अव्वा?"

"गुडघाभर तर हाय."

हे काही उत्तर नव्हे. पण या घरात तळ्याबद्दल काहीही विचारा, हेच उत्तर मिळायचं. मासे आहेत का? गुडघाभर तर हाय. डास होत नाहीत का? गुडघाभर तर हाय. तशीच दुसरी एक गोष्ट होती. बैठकीतल्या शोकेसमध्ये थोरल्या नणंदेचा, रुद्राणीताईंचा, फोटो होता. ओले केस, गळ्यात पोहण्याची पदकं, दात दाखवून हसणं. फोटोला हार नव्हता, म्हणजे जिवंत असणार. लग्नात मात्र त्या दिसल्या नाहीत. कुठे असतात विचारलं तर अव्वा म्हणायच्या, "येईल की." आणि चहा टाकायला निघून जायच्या.

आता या तळ्यात कारंजं बसवायचं ठरलं. दिवे लावलेलं. भाऊकीत, आडत बाजारात, सगळीकडे अप्पांनी सांगून टाकलं, "सुनेसाठी कारंजं घेऊन राहिलोत." सुनेला कुणी विचारलं नव्हतं. तरी अंबिकाला जरा बरंच वाटलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून संध्याकाळी उडतं पाणी दिसलं असतं.

सगळे मिळून लातूरला गेले. दुकानदार उत्साही होता. त्याने एक बटण दाबलं आणि प्लास्टिकचं कमळ लाल, निळं, जांभळं होऊ लागलं.

"वहिनीसाठी ना? हे घ्या. आपोआप रंग बदलतंय."

"रंग नको," अव्वा म्हणाल्या. "पांढरा."

"पांढऱ्यात काय मजा हाय मावशी? हे बघा, गाण्यावर नाचतंय—"

"पांढरा. खालून वर बघितलं की दिसला पाहिजे."

"मावशी, कारंजं वरून खाली बघायचं असतंय."

"तुम्ही वरून बघा."

दुकानदार हसला. अंबिकाही हसली. बाकी कुणी हसलं नाही.

मग अप्पांनी वायर मागितली. दुकानदार म्हणाला, खोक्यात आहे तेवढी पुष्कळ होते, मालक, तळं केवढं आहे? अप्पा म्हणाले, गुडघाभर. मग? द्या म्हणलं ना. असं करत अप्पांनी दुकानातली पाण्यात चालणारी सगळी वायर, बंडलंच्या बंडलं, गाडीत भरून घेतली.

"अंबे, तू बोल की काहीतरी," राजशेखर, तिचा नवरा, म्हणाला. "तुझ्यासाठी तर चाललंय."

तिने कोपऱ्यातलं एक साधं कारंजं दाखवलं. छत्रीसारखं गोल उडणारं.

"हाव, घेऊ की," अप्पा तिकडे न बघताच म्हणाले.

घेतलंही. पण गाडी अर्ध्या वाटेवर आल्यावर लक्षात आलं, की पाणी उडवायच्या तोट्यांचं खोकं दुकानातच राहिलंय. दिवा होता, मोटर होती, वायर तर डिक्कीत मावत नव्हती. फक्त कारंजं तेवढं नव्हतं.

"जाऊ द्या," अव्वा म्हणाल्या. "त्याचं काय एवढं."

अंबिका खिडकीबाहेर बघत बसली. सुनेसाठी!

३

बसवायला गुरुलिंग आला. हा बोलघेवडा वायरमन निम्म्या गल्लीची कामं करायचा आणि उरलेल्या निम्म्या गल्लीच्या बातम्या सांगायचा.

"वहिनी, चहात साखर जरा दाबून टाका, आज कारंज्याचं काम हाय!"

त्याने दिवा आणि मोटर एकत्र बांधली, नायलॉनच्या दोरीला वायर चिकटपट्टीने लावली, आणि काठावर उकिडवं बसून हळूहळू खाली सोडू लागला. अंबिका चहाचा ट्रे घेऊन मागे उभी राहिली.

"टेकलं का?" अप्पांनी विचारलं.

"टेकंल आता."

वायर जात राहिली. गुरुलिंग एका लग्नातल्या भांडणाची गोष्ट सांगत होता, ती सांगता सांगता तो हळूच थांबला. पहिलं बंडल संपलं. त्याने दुसरं जोडलं. तेही निम्मं गेलं.

"मालक, गुडघाभर म्हणलाव ना?"

"उतार हाय."

गुरुलिंगने समोर बघितलं. समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, तळं संपून भिंत सुरू होत होती. "उतार," तो म्हणाला. "हाय तर हाय." गिऱ्हाइकाच्या घरात फार विचारू नये, हे त्या धंद्यातलं शहाणपण त्याच्याकडे होतं. त्याने तिसरं बंडल उचललं.

चहावर साय धरली. अंबिकाचे हात अवघडले. वायर सिमेंटच्या काठावर घासल्याचा तेवढा आवाज येत होता. आणि मग तो थांबला.

"टेकलं!" गुरुलिंगने केवढा तरी श्वास सोडला.

अप्पांनी वाकून वायरवर दोन बोटं ठेवली. वैद्य नाडी बघतो तशी.

"टेकलं न्हाई," ते म्हणाले. "धरलं."

गुरुलिंगने चहा घेतला नाही. जाताना पकडसुद्धा विसरून गेला.

बटण दाबलं. काहीच झालं नाही. पाणी उडालं नाही, उजेड दिसला नाही. तळं जसं होतं तसं, काळं, काठोकाठ. अव्वांनी मात्र पदराने डोळे पुसले, अप्पांनी मीटर फिरतंय का बघितलं, आणि दोघं पूजा पार पडल्यासारखे आत गेले.

अंबिका ट्रे घेऊन उभीच राहिली. कारंजं बहुधा आतल्या आत उडत असावं. काही माणसं हसतात तसं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी घर झोपलेलं असताना तिने जळमटं काढायचा बांबू उचलला आणि मागे गेली.

हे असलं डोक्यात ठेवून जगता येत नाही. कुठेतरी जुना बोअर असेल, तोंड उघडं राहिलं असेल, वायर नेमकी त्यात गेली असेल. या भागात एक का बोअर आहेत? साधी गोष्ट. तिने काठावर बसून बांबू पाण्यात घातला.

गुडघाभर. टोक मऊ चिखलात रुतलं.

तिने जागा बदलली. गुडघाभर. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, मधोमध. सगळीकडे गुडघाभर. मग तिने बांबू वायरला अगदी चिकटवून, वायरच्याच वाटेने खाली सरकवला. तिथेही गुडघाभर. बांबू चिखलात थांबला होता आणि त्याला लागूनच वायर, ताठ, त्याच चिखलातून खाली गेली होती. भोक नाही, भेग नाही. बांबूला तळ होता, वायरला नव्हता.

तिने वायरला बोट लावलं.

खालून हलकेच ओढ आली. भिंतीपलीकडची शेजारीण टकटक करते, आहेस का गं म्हणून, तशी. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

अंबिका आत येऊन कांदे चिरायला बसली. गरजेपेक्षा कितीतरी जास्त कांदे चिरले.

संध्याकाळी राजशेखर दुकानातून आला तेव्हा तिने सरळ विचारलं, "अहो, ताई कुठे आहेत?"

तो शर्टाची बटणं काढत होता. "अव्वाचा तांब्या पडला होता त्यात. ताई म्हणाली, गुडघाभर तर हाय, आणते." त्याने शर्ट खुंटीला लावला. "माझी दहावी होती तवा."

"मग?"

"मग काय. वाट बघून राहिलोत."

"पोलीस?"

"आले होते की. बांबू घालून बघितला. गुडघाभर. लिहून घेतलं, पोरगी घरातून निघून गेली म्हणून." तो पलंगावर बसला. "आधी बॅटरी सोडायचो दोरीला. मग बल्ब. बल्ब फुटतो गं पाण्यात. हे वॉटरप्रूफ हाय."

त्याचा आवाज अगदी रोजचा होता. तूरडाळीचा भाव सांगावा तसा. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की त्याला गदागदा हलवावं, ते कळेना.

"आणि मला पोहता येत नाही, हे बरं कसं?"

त्याने चमकून बघितलं. "ऐकलंस व्हय." मग जरा ओशाळून, "अव्वाला भ्या वाटतं. पोहता येणाऱ्याला वाटतं, मी जाऊन आणते. चंद्रप्पाकाकाचा जावई, पट्टीचा पोहणारा, म्हणला मी आणतो ताईला. अव्वाने पाय धरून थांबवलं त्याला. तू तसली नकोस. तू आम्हाला वर पाहिजेस."

सगळ्यात वाईट हे होतं, की तो हे मायेने म्हणत होता. अंबिकाला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर मागच्या दाराला कुलूप लागलं असतं, तिच्या मागे कुणीतरी सतत फिरलं असतं, आणि नांदेडच्या मावशीचा उद्धार झाला असता तो वेगळाच. ती म्हणाली, "जेवायला वाढते."

५

मग वायर ढिली पडू लागली.

आदल्या दिवशी ताठ असलेली वायर सकाळी पाण्यावर वळसा घालून तरंगत होती. अप्पांनी लिंगपूजा आटोपून, कपाळावरच्या ओल्या भस्मासकट येऊन, ती ओढून काठावर गोल गुंडाळून ठेवली. दुसऱ्या सकाळी आणखी वळसे. तिसऱ्या सकाळी आणखी.

"वर येऊन राहिली," अव्वा म्हणाल्या, आणि घराला उधाण आलं. मागच्या दाराशी रांगोळी पडली. हुग्गीच्या गोड खिरीसाठी गहू भिजत घातले. कपाटातून ताईंची पिवळी साडी निघाली, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता म्हणून ती अंबिकाच्या हातून उन्हात टाकली गेली. ब्लाउज आता होईल का, यावर अव्वा आणि अप्पा चक्क भांडले.

"खाऊन-पिऊन असंल का ती? उसवून ठेवावं."

"पाण्यात काय खाईल ती? घट्टच कर," अप्पा म्हणाले.

अंबिकाने ब्लाउज आधी उसवला, मग शिवला, मग पुन्हा उसवला. कुणी तिला विचारावं, की बाई, तुला हे सगळं कसं वाटतंय? नाही. टाके जवळ घाल, एवढंच.

संध्याकाळी उजेड दिसू लागला. आधी तांदळाच्या दाण्याएवढा, खूप खोल. मग लिंबाएवढा. घरची मंडळी तळ्याभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसू लागली, मांडीवर चिवड्याच्या वाट्या घेऊन. एखाद्या लग्नाच्या वरातीची वाट बघावी तशी.

दिवा मात्र नीट जळत नव्हता. मधूनच मंद व्हायचा, विझायचा, पुन्हा लखलखायचा.

"खूण करून राहिली बघा," अव्वा म्हणायच्या. "कळलं म्हणते, येते म्हणते."

राजशेखरने गुरुलिंगला फोन लावला. तो म्हणाला, लूज कनेक्शन असंल, येतो. आला नाही. नंतर फोनच उचलेना.

अंबिका गप्प बसून बघत होती. लूज कनेक्शन तिने खूप बघितली होती. माहेरी नळीचा दिवा वर्षानुवर्षं फडफडायचा. हे तसं नव्हतं. हा उजेड एका बाजूने मंद व्हायचा, मग दुसऱ्या. विझायचा तोही पुरता नाही, कडेने लालसर रेषा राहायच्या. कंदिलाच्या काचेवर हात ठेवला की बोटांच्या फटींतून दिसतो तसा.

आणि वायर. वायर धरून वर येणारा माणूस कसा ओढतो, हे घाटावर दोरी धरून वर आलेल्याला सांगावं लागत नाही. एक हात, दुसरा हात, मध्ये जराशी उसंत. ही वायर उसंत घेत नव्हती. ती सारखी, न थांबता येत होती. विहिरीवरचा रहाट ओढावा तशी. खूप हातांनी.

६

ज्या संध्याकाळी उजेड ताटाएवढा झाला, त्या संध्याकाळी अव्वांनी पिवळी साडी मांडीवर घेतली आणि त्या काठाला टेकून बसल्या. दिवेलागणीची वेळ होती. शेजारच्या घरात टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. हुग्गीचा गोड वास मागच्या दारातून येत होता.

"रुद्री," अव्वांनी पाण्याला हाक मारली. "ये गं माय. आलीस बघ. थोडंच राहिलं."

अप्पा आता दोन्ही हातांनी वायर ओढत होते. राजशेखर त्यांच्या मागे दोरी धरून होता. तो रडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. वरून बघितलं तर पाण्यात नुसता पांढरा गोळा हलत होता, त्याच्यावर लाटा, लाटांवर यांचेच चेहरे. घाटावर तिला बाबांनी पहिली गोष्ट हीच शिकवली होती. वरून पाणी बघू नये, वरून स्वतःच दिसतो.

उजेड पुन्हा झाकोळला. लाल रेषा. मग एकेक रेषा सुटी झाली, एकेक बोट सोडवून काढावं तशी, आणि दिवा पुन्हा लख्ख पेटला.

अंबिका खुर्चीवरून उठली. गुडघे टेकले, मंगळसूत्र पाठीवर टाकलं, दोन्ही हातांनी काठ धरला, आणि कपाळापासून गळ्यापर्यंत तोंड पाण्यात घातलं.

डोळे उघडले.

पाणी स्वच्छ होतं. खाली चिखल नव्हता, काहीच नव्हतं. दिव्याच्या पलीकडे एक चेहरा होता, वर बघणारा, शोकेसमधल्या फोटोतला, वय न झालेला. केस वर तरंगत होते. ताईंचे दोन्ही हात दिव्याला वेढून होते, छातीशी घट्ट, वाऱ्यात निरांजन सांभाळावं तसे. अंबिका दिसताच त्यांनी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. पुन्हा. पुन्हा.

वायर त्यांच्या हातात नव्हती. दिव्यापाशी वळसा घेऊन वायर त्यांच्या अंगावरून खाली गेली होती, कितीतरी हातांत. आणि त्यांच्या खांद्यांच्या मागून, जिथवर उजेड पोचत होता तिथवर, इतर बोटं येऊन त्यांची बोटं दिव्यावरून एकेक करून उचलत होती. सावकाश. कसलीही घाई नसल्यासारखी.

तिने डोकं वर काढलं. कपाळावरचं कुंकू ओघळून ओठांपर्यंत आलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"अगं, काय केलंस हे!" अव्वा ओरडल्या. "नाकातोंडात गेलं असतं म्हंजे? दिसली का पण? हसून राहिली ना?"

अप्पांचे हात थांबले नव्हते. काठावर वायरचा आणखी एक ओला वळसा पडला.

लग्न झाल्यापासून अंबिकाने या घरात आवाज चढवला नव्हता. आताही तिला तो चढवावा लागला नाही. टीव्हीवरचं हसणं नेमकं थांबलं होतं.

"मला पोहता येतं, अव्वा," ती म्हणाली. "पाण्यात डोळे उघडे ठेवून दिसतं मला. वायर सोडा आणि लाइट बंद करा. ताई वर येऊन नाही राहिल्या, दुसरेच कुणी येऊन राहिलेत. ताई दिवा झाकून राहिल्यात."